नेशनस्टेट्स आणि ‘द नॉर्थ पॅसिफिक’ची राज्यघटना : एक परीक्षण

ऑस्ट्रेलियन लेखक मॅक्स बॅरी यांनी आपल्या येऊ घातलेल्या कादंबरीची प्रसिद्धी व्हावी म्हणून नोव्हेंबर २००२ मध्ये ‘नेशनस्टेट्स’ हा ब्राउझरवर चालणारा खेळ सुरू केला. कादंबरी जुनी झाली, तिच्या प्रसिद्धीची गरज केव्हाच संपली, पण खेळ वीस वर्षांहून अधिक काळ टिकून आहे. खेळाडूने एक काल्पनिक राष्ट्र स्थापन करायचे, त्याला नाव, ध्वज, बोधवाक्य, चलन आणि राष्ट्रीय प्राणी द्यायचा, आणि मग समोर येणाऱ्या पेचप्रसंगांवर सल्लागारांनी सुचवलेल्या पर्यायांपैकी एक निवडायचा किंवा सगळेच फेटाळून लावायचे, एवढेच त्याचे वरवरचे स्वरूप आहे. त्यात लढायांची दृश्ये नाहीत, गुणांची शर्यत नाही आणि जिंकण्याची अटही नाही.

खेळाची ओळख करून देताना सहसा या पेचप्रसंगांचेच वर्णन केले जाते. ते खुसखुशीत आहेत हे खरे. दोन्ही टोकांचे सल्लागार इतकी टोकाची मते मांडतात की मध्यममार्गी माणसाची पंचाईत व्हावी, आणि निवडलेल्या पर्यायाचा परिणाम भलत्याच आकडेवारीवर झालेला दिसतो. पण काही आठवड्यांनी त्यांतली नवलाई ओसरते. या खेळात माणसे वर्षानुवर्षे का राहतात, याचे उत्तर वेगळ्या जागी आहे. राष्ट्रे एकत्र येऊन जे ‘प्रदेश’ तयार करतात, त्या प्रदेशांचा कारभार चालवण्यासाठी खेळाडूंनी स्वतः राज्यघटना लिहिल्या, विधानसभा भरवल्या, न्यायालये बसवली, आणि या सगळ्याला खेळाच्या यंत्रणेचा आधार जवळजवळ शून्य आहे. प्रस्तुत परीक्षण त्या कारभाराचे आहे आणि त्यासाठी ‘द नॉर्थ पॅसिफिक’ हा प्रदेश मुख्य नमुना म्हणून घेतला आहे.

नवे राष्ट्र स्थापन होताच ते खेळाडूच्या इच्छेने नव्हे, तर यंत्रणेच्या सोयीने कोठेतरी जन्माला येते. अनेकांच्या वाट्याला पाच ‘पॅसिफिक’ प्रदेशांपैकी एखादा येतो : नॉर्थ, साउथ, ईस्ट, वेस्ट, आणि ज्याला दिशाच नाही असा नुसता ‘द पॅसिफिक’. राष्ट्राचे नाव ठरवून पान उघडेपर्यंत टपालपेटीत ‘टेलिग्राम’, म्हणजे खेळातले खासगी संदेश, साचू लागतात. हे सगळे इतर प्रदेशांच्या भरतीचे टेलिग्राम असतात. कोणी लोकशाही देऊ करतो, कोणी सैन्यात पद, कोणी नुसतीच मैत्री, आणि मजकुरात रंगीत चित्रे इतकी की निवडणुकीच्या हंगामातील पत्रके फिकी पडावीत. हे टेलिग्राम अडवण्याची सोय सेटिंग्जमध्ये आहे, पण पहिल्या दिवशी ती कोणाला ठाऊक नसते. तरीही ते थोडे वाचावेत, कारण प्रदेशांचे राजकारण किती परींचे असू शकते याचा अंदाज त्यांतून येतो.

आता यंत्रणेकडे वळू, कारण पुढचे सगळे कायदे तिच्याच पायावर उभे आहेत, किंवा अधिक अचूकपणे सांगायचे तर, तिच्या विरोधात उभे आहेत. खेळात ‘वर्ल्ड असेंब्ली’ नावाची एक जागतिक संस्था आहे. सुरुवातीला तिला सरळ संयुक्त राष्ट्रे म्हटले जाई. खऱ्या संयुक्त राष्ट्रांनी नाव आणि बोधचिन्ह यांच्या वापरावर हरकत घेणारे पत्र २००८ मध्ये पाठवले, आणि त्याच वर्षीच्या १ एप्रिलला नवे नाव लागू झाले. तारीख अशी होती की अनेकांना ती थट्टाच वाटली. एका माणसाने कितीही राष्ट्रे काढावीत, पण वर्ल्ड असेंब्लीत त्याचे एकच राष्ट्र असू शकते, आणि हा नियम मोडणाऱ्यास तेथून काढून टाकले जाते. असे सदस्य राष्ट्र आपल्याच प्रदेशातील दुसऱ्या सदस्य राष्ट्राच्या पानावर जाऊन एका क्लिकने त्याला पाठिंबा देऊ शकते. ज्याला सर्वाधिक पाठिंबा, तो त्या प्रदेशाचा ‘डेलिगेट’. जागतिक ठरावांवर डेलिगेटचे मत एकाचे धरले जात नाही. त्याला मिळालेल्या प्रत्येक पाठिंब्यामागे एक मत वाढते, म्हणून मोठ्या प्रदेशाच्या डेलिगेटकडे एकहाती शेकडो मते असतात.

बहुतेक प्रदेशांना ते काढणारा संस्थापक (२०२३ पासून त्याच्या जागी ‘गव्हर्नर’, त्याविषयी पुढे) असतो आणि तो डेलिगेटच्या वर बसतो. पाचही पॅसिफिक प्रदेश मात्र खेळानेच निर्माण केलेले असल्यामुळे त्यांना संस्थापक नाही. तेथे डेलिगेट हाच यंत्रणेच्या दृष्टीने सर्वोच्च. त्याच्या पडद्यावर प्रदेशाचे वर्णन बदलण्याचे, अधिकारी नेमण्याचे, आणि कोणत्याही राष्ट्राला हाकलून त्याच्यावर बंदी घालण्याचे बटण असते. हाकललेले राष्ट्र थेट ‘द रिजेक्टेड रेल्म्स’ नावाच्या प्रदेशात जाऊन पडते, आणि तेथून मात्र कोणालाही आणखी पुढे हाकलता येत नाही. हे बटण दाबणारा निवडून आला आहे की घुसखोर आहे, त्याला विधानसभेने पदावरून दूर केले आहे की काय, हे काहीही यंत्रणेला कळत नाही. ती फक्त पाठिंबा मोजते. घटना, निवडणूक, न्यायालयाचा निकाल या गोष्टी तिच्या लेखी अस्तित्वातच नाहीत, आणि संकेतस्थळाचे व्यवस्थापकही सत्तापालटाच्या भांडणात पडत नाहीत. सत्ता बळकावणे हा खेळाच्या नियमांनुसार गुन्हा नाही.

पूर्वी असे नव्हते. पहिल्या काही वर्षांत घुसखोरांनी कोणाला आणि किती प्रमाणात हाकलावे यावर व्यवस्थापकांचे नियम होते आणि प्रत्येक तंटा त्यांच्यापुढे न्यावा लागे. २००६ मध्ये ‘प्रभाव’ ही संकल्पना आणून हा सगळा न्यायनिवाडा यंत्रणेवर सोपवण्यात आला. एखादे राष्ट्र एका प्रदेशात जितका काळ राहते आणि जितका पाठिंबा राखते, तितका त्याचा प्रभाव वाढत जातो. आणि डेलिगेटला एखाद्याला हाकलायचे असेल तर त्या राष्ट्राच्या प्रभावाच्या प्रमाणात स्वतःचा प्रभाव खर्च करावा लागतो. नवख्याला हाकलणे स्वस्त, जुन्याजाणत्याला हाकलणे महाग. माझ्या मते संपूर्ण खेळातील हा सर्वांत हुशार नियम आहे, कारण तो कोणाची बाजू घेत नाही आणि तरीही वस्तीला किंमत देतो.

या पार्श्वभूमीवर द नॉर्थ पॅसिफिकची राज्यघटना वाचायला घेतली की तिचा प्रत्येक अनुच्छेद एका अडचणीचे उत्तर म्हणून वाचता येतो. हजारो राष्ट्रांच्या या प्रदेशाने सुरुवातीच्या काळात सत्तापालट पुष्कळ पाहिले, आणि त्याची आजची घटना म्हणजे त्या अनुभवाचा साचलेला गाळ आहे. तिच्यासोबत हक्कांची सनद आहे, तिच्याखाली सविस्तर विधिसंहिता आहे, आणि कोणताही कायदा किंवा सरकारी धोरण घटनेच्या विरोधात जाऊ शकत नाही असे स्पष्ट कलम आहे. भारतीय राज्यघटनेचा अनुच्छेद १३ अभ्यासलेल्या वाचकाला येथे ओळखीची वाट दिसेल.

हक्कांची सनद वाचण्याजोगी आहे. प्रत्येक राष्ट्र आपल्या अंतर्गत धोरणाबाबत सार्वभौम आहे, वर्ल्ड असेंब्लीत जावे की नाही हे त्याने ठरवायचे, भाषणाचे स्वातंत्र्य अबाधित राहील, एकाच आरोपासाठी दोनदा खटला चालणार नाही, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे घटनेने किंवा विधिसंहितेने स्पष्ट परवानगी दिल्याखेरीज कोणत्याही राष्ट्राला प्रदेशातून हाकलता येणार नाही. तातडीच्या सुरक्षेचा अपवाद ठेवला आहे, पण तो अपवाद म्हणूनच. ज्याच्या हाती हाकलण्याचे बटण आहे त्याला ‘ते दाबू नकोस’ असे सांगणारा हा मजकूर आहे, आणि तो मजकूर मोडला तर बटण काम करायचे थांबत नाही. तरीसुद्धा तो पाळला जातो. तो का पाळला जातो, हाच या खेळातला खरा अभ्यासाचा विषय.

मतदानाचा हक्क मिळवण्यासाठी प्रदेशात केवळ राहणे पुरत नाही. नागरिकत्वासाठी अर्ज करावा लागतो. अर्जदार प्रदेशाशी निष्ठेची, तेथील कायदे पाळण्याची, मतदानासाठी एकच राष्ट्र नोंदवण्याची आणि आपल्या ताब्यातील कोणतेही राष्ट्र या प्रदेशाविरुद्ध युद्धात न उतरवण्याची शपथ घेतो. मग एकाच माणसाने दोन नावांनी अर्ज केला नाही ना, याची तांत्रिक तपासणी होते, आणि उपडेलिगेट सुरक्षेच्या दृष्टीने पडताळणी करतो. हे सगळे पार पडले की नागरिक ‘रीजनल असेंब्ली’चा सदस्य होतो. प्रतिनिधी वगैरे कोणी नाही. सगळे नागरिक मिळून विधानसभा, आणि तिच्या कामकाजाचा सभापती निवडून आलेला. घटनादुरुस्तीला दोन-तृतीयांश मते लागतात, आणि निवडून आलेल्या पदाधिकाऱ्यास परत बोलावण्यासाठीही तेवढीच. साध्या कायद्याला साधे बहुमत पुरते, डेलिगेटला नकाराधिकार आहे, आणि त्या नकारावर मात करण्याची वाटही ठेवली आहे.

डेलिगेट आणि उपडेलिगेट यांची निवडणूक दर चार महिन्यांनी होते, आणि एकाच व्यक्तीला सलग तिसऱ्या वेळी डेलिगेट म्हणून निवडून येता येत नाही. चार महिने हा कालावधी बाहेरून पाहणाऱ्याला हास्यास्पद वाटेल, पण इंटरनेटवरील उत्साहाचे आयुष्य लक्षात घेतले तर तो नेमका आहे. दुसऱ्या महिन्यात मंत्री गायब होतात, तिसऱ्यात डेलिगेट थकतो, चौथ्यात उमेदवारांची भाषणे सुरू होतात. मंत्र्यांची नेमणूक डेलिगेट स्वतः करतो. परराष्ट्र, गृह, संस्कृती, वर्ल्ड असेंब्ली अशी खाती असतात, आणि ‘नॉर्थ पॅसिफिक आर्मी’ नावाचे सैन्यही असते. हे सैनिक म्हणजे ठरलेल्या वेळी ठरलेल्या प्रदेशात आपले राष्ट्र हलवणारे खेळाडू.

न्यायालयात किमान तीन न्यायमूर्ती असतात आणि ते आपल्यातून मुख्य न्यायमूर्ती निवडतात. फौजदारी खटले चालवणे आणि कायद्यांची घटनात्मकता व सरकारी धोरणांची वैधता तपासणे ही त्यांची कामे. दाद मागायची तर सहसा बाधित पक्षानेच मागावी, असा दंडक असल्यामुळे ‘आपण खरोखर बाधित आहात काय’ या प्राथमिक मुद्द्यावरच बराच युक्तिवाद होतो, आणि वाचणाऱ्या वकिलाला घरी आल्यासारखे वाटते. गुन्ह्यांची यादी मात्र अशी की ती दुसरीकडे कोठे मिळणार नाही. राजद्रोह आणि हेरगिरी यांच्या शेजारी आपला खरा संगणकीय पत्ता लपवून वावरणे, दुसऱ्याचा पासवर्ड लाटणे आणि संकेतस्थळ बंद पाडणे हे गुन्हे मांडलेले आहेत. ‘घोर गैरवर्तन’ हा गुन्हा पदाधिकाऱ्यांसाठी राखीव आहे : पदाची शपथ मोडणे म्हणजे गुन्हा. माहितीच्या अधिकाराचाही कायदा आहे, आणि सरकारच्या बंद दाराआडच्या चर्चा नागरिक त्याखाली मागू शकतात.

या सगळ्यापेक्षा महत्त्वाची संस्था मी शेवटी ठेवली आहे, कारण कागद आणि यंत्रणा यांची गाठ येथेच पडते. ती म्हणजे प्रदेशाची स्वतःची ‘सिक्युरिटी कौन्सिल’. (वर्ल्ड असेंब्लीतही याच नावाचे सभागृह २००९ पासून आहे, त्याचा याच्याशी संबंध नाही, आणि नव्या माणसाचा पहिला गोंधळ येथेच होतो.) या परिषदेवर येण्यासाठी विधानसभेची मान्यता लागते, आणि त्याशिवाय पाठिंबा व प्रभाव यांची ठरावीक पातळी गाठून ती राखावी लागते. ही अट शोभेची नाही. समजा, एखाद्या डेलिगेटने घटना धाब्यावर बसवली, निवडणूक नाकारली आणि विरोधकांना हाकलायला सुरुवात केली. त्याला खाली खेचायचे तर दुसऱ्या कोणाकडे तरी त्याच्याहून अधिक पाठिंबा यायला हवा, आणि तो दुसरा आधीच हाकलला गेला असता कामा नये. परिषदेच्या सदस्यांनी वर्षानुवर्षे एकाच ठिकाणी राहून इतका प्रभाव साठवलेला असतो की त्यांना हाकलताना बंडखोराचा स्वतःचा प्रभाव आटून जावा. विधानसभेने डेलिगेटला काढण्याचा निर्णय घेतला तर त्याची अंमलबजावणी करणे हे परिषदेचे घटनेत लिहिलेले काम आहे. म्हणजे न्यायालयाने निकाल द्यायचा, विधानसभेने ठराव करायचा, आणि तो ठराव प्रत्यक्षात उतरवण्याची ताकद अशा मूठभर राष्ट्रांमध्ये जपून ठेवायची, जी एरवी काहीच करत नाहीत. एरवी काहीच न करणे हेच त्यांचे काम आहे, आणि त्यासाठी लागणारा संयम फार थोड्यांकडे असतो.

सत्तांतर कसे होते ते जवळून पाहावे. निवडणुकीचा निकाल लागतो तेव्हा नवा डेलिगेट कायद्याने डेलिगेट झालेला असतो, पण यंत्रणेत जुनाच बसलेला असतो, कारण शेकडो राष्ट्रांचा पाठिंबा अजून त्याच्या पानावर आहे. निकालाची घोषणा त्या पाठिंब्यातील एकही क्लिक हलवू शकत नाही. मग सगळ्या रहिवाशांना टेलिग्राम जातात : या राष्ट्राला पाठिंबा द्या, जमल्यास आधीच्याचा काढून घ्या. मावळता डेलिगेट स्वतःला पायउतार करण्याचे आवाहन स्वतःच्या सहीने करतो. नवा उमेदवार प्रदेशातील एकेका सदस्य राष्ट्राचे पान उघडून त्याला पाठिंबा देत सुटतो, म्हणजे त्यातले बरेच जण परतफेड करतील; शेकडो पाने, प्रत्येकावर एक क्लिक, आणि या कंटाळवाण्या श्रमाला इंग्रजीत ‘टार्टिंग’ असे चेष्टेचे नाव पडले आहे. आकडे हळूहळू जवळ येतात, आणि एखाद्या अपडेटला, म्हणजे यंत्रणा दिवसातून दोनदा आकडे ताजे करते त्या वेळी, ती शांतपणे नाव बदलते. या संपूर्ण काळात जुन्या डेलिगेटकडे नव्याला हाकलण्याचे बटण असते. तो ते दाबत नाही. हे पाहताना मला राज्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातील ‘सत्तेचे शांततामय हस्तांतरण’ हा कोरडा शब्दसमूह प्रथमच जिवंत वाटला.

सगळीकडे हे साधले असे नाही. द साउथ पॅसिफिकमध्ये २०१६ साली डेलिगेटनेच सरकार बरखास्त केल्याचे जाहीर केले होते. आज तेथे सरकारप्रमुख पंतप्रधान असतो आणि डेलिगेटचे पद त्याहून वेगळे आहे; बटण एकाकडे आणि धोरण दुसऱ्याकडे, ही रचना मला नॉर्थ पॅसिफिकपेक्षा सावध वाटते, मात्र तीत कोणी कोणाला जबाबदार यावरून वाद घालायला भरपूर वाव आहे. द ईस्ट पॅसिफिकची घटना ‘कॉन्कॉर्डॅट’ या नावाने ओळखली जाते, तिच्या विधिमंडळाला ‘मॅजिस्टेरियम’ म्हणतात आणि न्यायमंडळाला ‘कॉन्क्लेव्ह’. नावांच्या या चर्चगिरीमुळे पहिल्यांदा वाचताना आपण धर्मपीठात आलो की काय असे वाटते, पण आतला कारभार बराच ओळखीचा आहे.

आणि मग आहे द पॅसिफिक. तेथे २००३ मध्ये ‘न्यू पॅसिफिक ऑर्डर’ नावाची राजवट आली आणि सम्राटाच्या नावाने कारभार सुरू झाला. तो आजतागायत चालू आहे. लोकशाहीवाद्यांना हे रुचत नाही, मलाही रुचत नाही, पण परीक्षकाने हे नोंदवायलाच हवे की पाचांपैकी सर्वांत स्थिर राजवटींत ही मोडते. सम्राटाला चार महिन्यांनी पाठिंबा हस्तांतरित करावा लागत नाही, त्यामुळे वर वर्णन केलेला नाजूक काळ त्याच्या वाट्याला क्वचितच येतो. नॉर्थ पॅसिफिक वर्षातून तीनदा जी जोखीम मुद्दाम अंगावर घेतो, ती पॅसिफिकने घटनेतूनच काढून टाकली आहे. या बदल्यात तेथील सामान्य रहिवाशाला प्रमुख बदलण्याचा मार्ग उरलेला नाही. दोन्ही प्रदेशांचे बटण सारखेच आहे, आणि तरीही दोन दशके दोन वेगळे समाज त्याभोवती उभे राहिले, ही तुलना फुकटात उपलब्ध करून देणारा दुसरा खेळ मला माहीत नाही.

लहान प्रदेशांविषयी थोडक्यात. तेथे संस्थापक असेपर्यंत घटना कशीही असली तरी चालते, कारण बाहेरच्या टोळीने अपडेटच्या तोंडावर राष्ट्रे घुसवून डेलिगेटपद बळकावले, ध्वज आणि वर्णन बदलले, तरी संस्थापक उठून सगळे पूर्ववत करतो. पण २८ दिवस कोणी आपल्या राष्ट्रात प्रवेश केला नाही तर ते राष्ट्र नाहीसे होते, आणि संस्थापकाचे राष्ट्र नाहीसे झाले की प्रदेशाची तटबंदी जाते. मी ज्या एका छोट्या प्रदेशात काही काळ होतो, तेथे आम्ही मंत्रिमंडळाच्या खात्यांवरून हिरिरीने भांडत होतो आणि संस्थापक केव्हापासून फिरकलेला नाही हे कोणी तपासलेच नव्हते. अशा अनाथ प्रदेशांना घुसखोरांनी पासवर्ड लावून कुलूपबंद करू नये म्हणून जागतिक सिक्युरिटी कौन्सिलला ‘मुक्ती’चा ठराव करून पासवर्ड हटवता येतो. २०२३ मध्ये खेळाने याहून मूलगामी बदल केला. आता संस्थापकाच्या जागी ‘गव्हर्नर’ हे हस्तांतरणीय पद आहे, त्याला उत्तराधिकारी नेमता येतो. आणि ज्यांना धाडस करायचे आहे त्यांनी गव्हर्नरशिवाय ‘फ्रंटिअर’ प्रदेश चालवावा, म्हणजे नव्याने जन्मणाऱ्या राष्ट्रांपैकी काही त्यांच्या वाट्याला येतील. सुरक्षितता हवी की लोकसंख्या, असा उघड सौदा आहे. मला हा बदल पसंत आहे.

आता दोषांकडे. नॉर्थ पॅसिफिकची विधिसंहिता फुगलेली आहे. एका प्रसंगातून एक कलम आणि त्या कलमाच्या पळवाटेतून दुसरे, अशी तिची वाढ झाली असून नव्या नागरिकाने ती वाचून काढावी ही अपेक्षाच अवास्तव आहे. प्रदेशात हजारो राष्ट्रे, पण नागरिकत्व घेऊन मतदान करणारे त्यांच्या तुलनेत फार थोडे. आपल्याकडे गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेला जे आठ-दहा सभासद येतात तेच आलटून पालटून अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार होतात, तसा प्रकार येथेही आहे. एकदा डेलिगेट झालेला पुढे न्यायमूर्ती होतो, मग परिषदेवर जातो, मग पुन्हा मंत्री. घटना कोणालाही अडवत नाही, परंतु तिची भाषा, तिचे पूर्वनिर्णय आणि तिच्या सभागृहातील जुनी वैमनस्ये समजून घ्यायला जो वेळ लागतो, तोच वेळ चाळणीचे काम करतो. शिवाय विधानसभा, न्यायालय आणि निवडणुका हे सगळे खेळाच्या बाहेर, प्रदेशाच्या स्वतंत्र संकेतस्थळावर आणि गप्पांच्या खोल्यांमध्ये चालते. ज्याला खेळातच राहून खेळायचे आहे, त्याला हे सरकार दिसतसुद्धा नाही. त्याला दिसतो फक्त पाठिंबा मागणारा टेलिग्राम.

मराठी वाचकासाठी काही व्यावहारिक बाबी. खेळ पूर्णपणे इंग्रजीत आहे आणि राजकारणाचा भाग तर घट्ट कायदेशीर इंग्रजीत. वादविवाद वाचायची सवय नसेल तर पेचप्रसंगांपाशीच थांबणे बरे. खेळ विनामूल्य आहे. पैसे देऊन जाहिराती घालवता येतात, काही जास्तीच्या सोयी मिळतात आणि मोठ्या संख्येने टेलिग्राम पाठवण्याची तिकिटे घेता येतात, पण पैशाने पाठिंबा किंवा प्रभाव विकत मिळत नाही, हे मोठे पथ्य पाळलेले आहे. फोनवर खेळता येतो, ग्राफिक्स नसल्यामुळे जुन्या फोनवरही चालतो, आणि मांडणी जुनाट असली तरी वाचनीय आहे. दिवसातून दोनदा होणारे अपडेट अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील मध्यरात्री आणि दुपारी बाराला सुरू होतात. आपल्याकडे त्यांची वेळ सकाळी आणि रात्री साडेनऊची, हिवाळ्यात साडेदहाची. सैन्यात भरती होऊ पाहणाऱ्याने याचा आधी विचार करावा : सकाळची मोहीम कार्यालयाच्या वेळेत येते, रात्रीची जेवणे उरकल्यावर सोयीची पडते, आणि कारवाईत राष्ट्र योग्य सेकंदाला हलवावे लागत असल्याने लोकलमधल्या नेटवर्कच्या भरवशावर राहून चालत नाही.

कायद्याच्या, राज्यशास्त्राच्या किंवा स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्याला मी हा खेळ निःसंकोच सुचवेन, पण त्याने सुरुवात राष्ट्र काढण्यापासून नव्हे, तर नॉर्थ पॅसिफिकची हक्कांची सनद आणि घटना वाचण्यापासून करावी. दोन्ही मिळून एका बैठकीत संपतात. विधिसंहिता नंतर, लागेल तशी. पहिल्या चार महिन्यांत कोणतेही पद मागू नये, एक संपूर्ण निवडणूक आणि एक सत्तांतर नुसते पाहावे, वर्ल्ड असेंब्लीत जाऊन पाठिंबा देत राहावा. परीक्षांच्या काळात खेळातील सुट्टीची सोय चालू करून ठेवावी, म्हणजे राष्ट्र २८ ऐवजी ६० दिवस जिवंत राहते. मात्र ही सवलत यंत्रणेची आहे, प्रदेशाची नाही. नॉर्थ पॅसिफिकच्या संकेतस्थळावर सलग ३० दिवसांहून अधिक काळ फिरकला नाहीत तर सभापती तुमचे नाव नागरिकांच्या यादीतून काढतो, आणि परत आल्यावर राष्ट्र जागेवर असले तरी शपथ नव्याने घ्यावी लागते.